बाईंच्या छातीतला तिसरा आवाज

मित्रांनो, तुम्ही पाहिलेल्या स्टेथोस्कोपला कानांत घालायची दोन टोकं असतात. मला चार आहेत. छातीवर ठेवायची चकती एकच, तिच्यातून निघणारी रबरी नळीही एकच, पण पुढे नळीला फाटा फुटतो आणि कानांच्या दोन जोड्या होतात. एक जोडी शिकवणाऱ्याची, एक शिकणाऱ्याची. असा मी शिकवणीचा जुना स्टेथोस्कोप. दवाखान्यातले माझे भाऊबंद मला नाकं मुरडतील, कारण रोग्याला बरं करण्यात माझा कधीच हात नव्हता. माझं काम एवढंच, की एकाला जे ऐकू येतं ते त्याच क्षणी दुसऱ्यालाही ऐकू यावं. हे काम वाटतं तितकं साधं नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. चकती घट्ट बसवून झाल्यावर कारागिराने मला आधी स्वतःच्या घड्याळावर टेकवलं आणि टिकटिक ऐकून मान डोलावली. मी ऐकलेला पहिला आवाज तो. त्यामुळे माझी भाबडी समजूत झाली, की आत जे काही वाजतं ते असंच, न चुकता, कायम वाजत राहतं. मग खोक्यात बसून मी एका नर्सिंग शाळेत आलो. तिच्या वरच्या मजल्यावर एक वर्ग होता. भिंतींवर शरीराचे तक्ते होते आणि कोपऱ्यात प्लॅस्टरचं एक धड होतं. त्याची आतडी काढून पुन्हा बसवता येत, आणि ती कुणी बसवायची यावरून मुलींची रोज भांडणं होत. त्या वर्गाच्या बाईंनी मला खोक्यातून काढलं, माझे चारही कान स्पिरिटने पुसले आणि मला गळ्यात अडकवलं. पुढची कित्येक वर्षं मी तिथेच होतो.

सगळी शाळा त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत असे. बाई बुटक्या होत्या, आवाज खणखणीत होता आणि रागावल्या की त्या चष्म्यावरून बघायच्या. शरीराच्या संस्था आणि वैद्यकीय शब्द शिकवणं हे त्यांचं काम. ते लांबलचक शब्द फळ्यावर आले की मुली पेन खाली ठेवून एकमेकींकडे बघत.

“अगं, शब्दांना काय घाबरता?” बाई म्हणायच्या. “माणसांसारखंच बघायचं त्यांच्याकडे. आडनाव शेवटी असतं. आडनाव ‘आयटिस’ दिसलं की समजायचं, त्या घरात आग आहे, सूज आहे. मग नाव बघायचं. गॅस्ट्रो असला तर जठरात, आर्थ्रो असला तर सांध्यात, नेफ्रो असला तर मूत्रपिंडात.”

“म्हणजे आमच्या सासरची मंडळी, बाई,” मागच्या बाकावरून आवाज आला. “आडनाव एकच, पण आग प्रत्येकाची वेगळ्या ठिकाणी.”

वर्ग खो खो हसला. बाईसुद्धा हसल्या. बोलणारी होती काकू. बाकीच्या मुली नुकत्या शाळेतून सुटलेल्या, आणि ही तिशी उलटलेली. नवरा गेल्यावर लेकीला आईकडे ठेवून ती शिकायला आली होती. म्हणून मुलींनी तिला काकू केलं आणि दोन दिवसांत बाईही तिला काकू म्हणू लागल्या. काकूची जीभ तिखट होती, पण बाईंसमोर ती लहान व्हायची. घरी बसून राहिलेल्या बाईमाणसाला पुन्हा बाकावर बसायची हिंमत बाईंनीच दिली होती. ते ऋण तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

हृदयाचा धडा बाई कधीच तक्त्यावर शिकवत नसत. “आधी एक सांगते,” त्या बजावत, “पेपरात ‘काळजाचा ठोका’ लिहू नका. खाटकाकडे जाऊन काळीज मागून बघा, तो यकृत देईल.” मग त्या खुर्चीवर बसत, गळ्याखाली छातीच्या हाडाला लागून उजव्या बाजूला माझी चकती टेकवत, एक जोडी स्वतःच्या कानांत घालत आणि दुसरी मुलीच्या. “हृदयाला चार खोल्या. दारांना झडपा. रक्त पुढे गेलं की झडप मागे बंद होते. पहिली दारं लागली की लब, दुसरी लागली की डब. ही निरोगी छाती आहे. हिला पाठ करा, म्हणजे बिघडलेली आपोआप ओळखाल.”

ऐकताना बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. माझी टोकं कानांत असताना माणूस बोलला की त्याला स्वतःचाच आवाज घुमलेला ऐकू येतो. म्हणून बोलायचं बोटांनी. जितके आवाज ऐकू येतील तितकी बोटं वर करायची. मुली दोन बोटं वर करत, बाई मान हलवत, की पुढची मुलगी.

मित्रांनो, सुरुवातीला बाईंच्या छातीत खरोखरच दोन आवाज होते. मग कधीतरी मधल्या जागेत एक बारीकशी श्श सुरू झाली. नेमकी कधी, ते मलाही सांगता येणार नाही. केस कधी पिकायला लागले ते कुणाला सांगता येतं का? ती श्श वर्षागणिक जाड होत गेली. बाई रोज तीच छाती ऐकत होत्या, म्हणूनच त्यांना ती कधी ऐकू आली नाही.

एखादी मुलगी धीर करून म्हणायची, “बाई, मधे काहीतरी सरकल्यासारखं वाजतंय.”

“नळी घासली असेल. कपड्याला नळी घासली की असाच आवाज येतो. नीट धर.”

नळी घासली की तसा आवाज येतो हे खरंच आहे. त्यामुळे कुणाला शंका आली नाही आणि सगळं खापर माझ्यावर फुटलं. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की मी कुठेही घासलेलो नाही. पण चार कान आणि तोंड एकही नाही, असा माझा जन्म. मुली मधली श्श सोडून द्यायला शिकल्या, दोन बोटं दाखवून पास झाल्या आणि नर्स होऊन वॉर्डावॉर्डांत गेल्या.

त्याच काळात बाईंना एक नवी सवय लागली. वर्गाकडे जाणारा जिना चढताना त्या मधेच थांबून चष्मा पुसायच्या. सगळ्यांना वाटे, बाईंच्या चष्म्यावर फार धूळ बसते. मी तेव्हा त्यांच्या छातीवर लोंबकळत असे. चष्मा पुसायला लागायच्या आधी आत काय धांदल उडालेली असायची ते फक्त मला ठाऊक होतं.

मग काकूची तुकडी पहिल्यांदा वॉर्डात गेली. तिथे काय घडलं ते ती परत आल्यावर आमच्या शिपाईमामांना सांगत होती. मामा जेवणाच्या सुट्टीत वर्ग झाडत होते आणि मी टेबलावर होतो.

“पाय मोडलेला एक तरुण पोरगा होता, मामा. त्याचे ठोके मोजायला सांगितले मला. मी ऐकलं आणि डॉक्टरांना म्हटलं, ह्याच्या हृदयातला मधला आवाज येत नाहीये. डॉक्टर हसले. म्हणाले, मधे आवाज नसतोच. मधे शांतता असते. आवाज आला तर झडप बिघडलेली.” काकूचा आवाज बारीक झाला. “मी आणखी चार-पाच जणांच्या छात्या ऐकल्या. सगळीकडे शांतता.”

“मग तो मधला आवाज तू ऐकलास कुठे?”

काकूने माझ्याकडे बोट केलं. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने मामांना खुर्चीवर बसवलं, एक जोडी त्यांच्या कानांत घातली आणि चकती त्यांच्याच छातीवर टेकवली. मामांचे डोळे मोठे झाले. “अगं, आत कुणीतरी दार वाजवतंय!” ते घाबरून ओरडले. काकू मात्र मधल्या जागेत कान देऊन बसली होती. तिथे काहीच नव्हतं. नळी निर्दोष होती. माझ्यावरचा आळ गेला, पण मला त्याचा आनंद झाला नाही.

“सांग की मग बाईंना,” मामा म्हणाले.

“काय सांगू? ज्या छातीवर त्यांनी सगळ्यांना निरोगी हृदय शिकवलं, तीच आजारी आहे म्हणून? आणि हे मी सांगू? मी? मला त्यांनीच सगळं शिकवलंय, मामा.”

काकू रोज ठरवून यायची आणि रोज तोंड शिवून परत जायची. इकडे जिन्यावर चष्मा पुसणं वाढत चाललं होतं.

शेवटी तोंडी परीक्षा आली. मुली एकेक करून येत होत्या. काकूची पाळी आली तेव्हा तिने माझी चकती धरली, आणि तिचे हात बर्फासारखे गार होते. बाईंनी ती नेहमीसारखी स्वतःच्या छातीवर टेकवली. काकूने ऐकलं आणि तीन बोटं वर केली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि खूण केली, पुन्हा. पुन्हा तीन बोटं. बाईंनी माझ्या नळीकडे बोट दाखवलं. काकूने नळी दोन्ही हातांनी उचलून हवेत धरली, कशालाच लागू दिली नाही. श्श तशीच येत राहिली. मग काकूने जे केलं ते आजवर कुठल्याही मुलीने केलं नव्हतं. तिने बाईंच्या छातीवरची चकती काढली आणि स्वतःच्या छातीवर, त्याच जागी टेकवली.

काकूचं हृदय भीतीने पळत सुटलं होतं. पण लब आणि डबच्या मधे स्वच्छ शांतता होती. बाई ती ऐकत राहिल्या. कितीतरी वर्षांनी त्या दुसऱ्याची छाती ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मला वाटलं, नको, आता कुणीतरी ही चकती काढा.

त्यांनी कानांतली टोकं काढली. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पुढची येऊ दे.” बाकीच्या मुलींची परीक्षा त्यांनी तक्त्यावर घेतली. सगळ्या गेल्यावर काकूला थांबवलं.

“कधीपासून ऐकू येतंय?”

“पहिल्या दिवसापासून, बाई.”

“आणि कळलं कधी?”

“वॉर्डात गेल्यावर.” काकूने मान खाली घातली. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“वाईट मला वाटलं असतं ना? मग तू कशाला गप्प बसलीस?” बाई रागावल्या नव्हत्या. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. “माझं जाऊ दे गं. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुली हाच आवाज निरोगी समजून फिरतायत. त्यांचं काय करू?”

हृदयाच्या डॉक्टरांनी बाईंना सगळं उलगडून सांगितलं. मोठ्या धमनीच्या तोंडाशी जी झडप असते तिला तीन पाकळ्या असतात. बाईंच्या झडपेला जन्मापासून दोनच होत्या. त्या दोघींनी इतकी वर्षं तिघींचं काम ओढलं आणि आता त्या कडक होऊन नीट उघडत नव्हत्या. झडप बदलायची, आणि लवकर बदलायची. तोवर जिना नाही, वर्ग नाही.

बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी जिना चढून वर्गात आल्या. दुपारभर त्या जुन्या मुलींना फोन लावत बसू लागल्या. “मी बाई बोलतेय. माझी छाती विसरायची. मधे शांतता हवी. शांतता नसेल तर डॉक्टरांना हाक मारायची, समजलं?” काही मुली हसायच्या, काही तब्येत विचारायच्या. एक मुलगी ऐकता ऐकता रडायला लागली. बाईंनी हळूच विचारलं, “तुझ्या वॉर्डातलं कोण होतं गं?” पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी पुढचे फोन केले नाहीत.

काकू त्यांच्या मागे लागली होती. “बाई, आधी ऑपरेशन करून घ्या. फोन मी करते.”

“तुझ्या सांगण्यावर त्या विश्वास ठेवणार नाहीत. मीच शिकवलंय, मीच पुसायला हवं. थोड्याच राहिल्यात.”

ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. तिच्या आधीच एका सकाळी बाई जिन्यात थांबल्या. त्यांनी चष्मा काढला. मी नेहमीसारखा त्यांच्या छातीवर होतो. लब आला. श्श आली. डब आलाच नाही. मी वाट पाहिली. मामा खालून धावत आले, मुली ओरडल्या, कुणीतरी मला बाजूला ढकललं, तरी मी वाटच पाहत होतो.

त्यानंतर मी कपाटात गेलो. शाळेत पडदा आला, पडद्यावर रंगीत हृदयं धडधडू लागली आणि चार कानांचा स्टेथोस्कोप सगळ्यांना नकोसा झाला. माझं रबर कडक झालं, चकतीवर धूळ बसली. मामा कधीतरी कपाट उघडायचे, आत काहीही ठेवायचं नसलं तरी. बंद करताना “येतो हं, बाई” असं पुटपुटायचे. कपाटात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पण अंधारात माझ्या नळीतून काहीतरी जायचं आणि यायचं.

वर्षं गेली. काकू वॉर्डात नोकरी करून, पुढचं शिकून, त्याच वर्गात शिकवायला आली. मुली तिला मॅडम म्हणू लागल्या, पण माझ्यासाठी ती काकूच. तिने पहिल्याच दिवशी मला बाहेर काढलं, माझे कान पुसले, एक जोडी स्वतःच्या कानांत घातली आणि एका ठणठणीत मुलीच्या छातीवर चकती ठेवली. दुसरी जोडी रिकामी लोंबकळत होती.

लब, श्श, डब.

काकू पांढरीफटक पडली. तिने त्या मुलीला तडक डॉक्टरांकडे पाठवलं. मुलगी निरोगी निघाली. पुढच्या आठवड्यात दुसरी मुलगी, तीच श्श, तीही निरोगी. मग काकूच्या लक्षात आलं, की ती एकटी ऐकत असली आणि दुसरी जोडी रिकामी असली तरच श्श येते. दुसऱ्या जोडीत कुणी कान घातले की ती गप्प होते. “रिकाम्या टोकांतून हवा शिरत असेल,” मामा तिची समजूत घालत. हवा मला चांगली ठाऊक आहे, मित्रांनो. आयुष्यभर मी हवाच वाहिली. ती हवा नव्हती. ती जाडी, तो खरखरीतपणा, शेवटी किंचित रेंगाळणं मी दुसऱ्या कुणाच्या छातीत ऐकलेलं नाही. रिकाम्या जोडीच्या पलीकडे कुणीतरी कान देऊन बसलेलं असे.

काकूची झोप उडाली. “मी तेव्हाच बोलले असते तर?” असं तिने एकदा मामांना विचारलं. मामा झाडत राहिले.

मग एक दिवस काकू खुर्चीवर बसली, एक जोडी तिने कानांत घातली आणि माझी चकती स्वतःच्या छातीवर टेकवली. “आपण बोटं दाखवायची नाहीत,” तिने मुलींना सांगितलं. “टोकं काढायची आणि मला तोंडाने सांगायचं. जे ऐकू येईल ते.” पहिली मुलगी आली. तिने दुसरी जोडी कानांत घातली.

आणि श्श आली. जोडी रिकामी नसतानाही आली, काकूच्याच छातीतून आली.

काकूने चकती तिथेच धरून ठेवली आणि मुलीच्या उत्तराची वाट पाहिली. मुलीने टोकं काढली आणि हसून म्हणाली, “लब-डब, मॅडम.” दुसरी आली, तीही म्हणाली, “लब-डब.” तिसरी, चौथी, सगळ्या रांगेने तेच. प्रत्येकीच्या कानांत मी तो आवाज पोचवत होतो. प्रत्येकीची भुवई क्षणभर हलायची, मग ती मॅडमच्या तोंडाकडे बघायची आणि दोनच आवाज सांगायची. काकूचे डोळे भरून आले होते. आजाराची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती, की आपण होतो तशाच ह्याही निघाल्या.

शेवटी रांगेतली शेवटची मुलगी आली. वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने ऐकलं, टोकं काढली, हातात घट्ट धरली.

“मॅडम, तुम्ही रागावणार नाही ना?”

“नाही गं.”

“मधे काहीतरी वाजतंय. तुम्ही डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा.”

काकूने वर्ग तिथेच सोडला. त्या दुपारी माझा जीव टांगणीला लागला होता. तपासणी करून ती परत आली तेव्हा मामा जिन्यातच उभे होते.

“हृदय अगदी स्वच्छ आहे म्हणाले डॉक्टर. झडपा उत्तम. मधे काहीही नाही.”

“मग तो आवाज कसला होता?”

“बाईंनी परीक्षा घेतली, मामा,” काकू म्हणाली आणि जिन्यात खाली बसून, लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.

त्यानंतर ती श्श पुन्हा कधी आली नाही. एका जोडीने ऐका नाहीतर दोन जोड्यांनी, दोनच आवाज येतात. लोक म्हणतात, बरं झालं. खरं सांगू का मित्रांनो, मला करमत नाही. कित्येक वर्षं ज्या बाईंना मी गळ्याशी राहून ऐकलं, त्यांची शेवटची खूणही गेली.

माझं रबर आता फार दिवस टिकणार नाही. तुटलो तर टाकून द्या, मला वाईट वाटणार नाही. पण एक विनंती आहे. आपल्या मोठ्या माणसांना, शिकवणाऱ्यांना जरा जवळ जाऊन ऐका, आणि काही वेगळं ऐकू आलं तर त्याच दिवशी सांगा. त्यांना वाईट वाटेल ते वाटू द्या. वाईट वाटायलासुद्धा ती माणसं असावी लागतात.